तीस लाख दोंगांत बसेल असा आवाज

थोआ पंधरा वर्षं नाटक मंडळीत होती, पण प्रेक्षकांपैकी कुणी तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ती प्रॉम्प्टर होती. डाव्या विंगेत, कापडावर रंगवलेल्या बांबूबनाच्या मागे, एका उपड्या पिंपावर ती बसायची. मांडीवर नाटकाची वही, हातात टॉर्च, टॉर्चच्या काचेला लाल कागद चिकटवलेला. नट अडखळला की ती वाक्य सोडायची. तेही असं, की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याला जाऊ नये. मंडळीची दोन होडकी होती, एकात माणसं आणि दुसऱ्यात पडदे. त्यांतून मेकाँगच्या फाट्याफाट्याने हिंडत बाजाराच्या गावी प्रयोग लावायचे. घरोघरी व्हिडिओ आला, तंबू रिकामे राहू लागले आणि चौऱ्याण्णव साली मंडळी मोडली.

मग थोआ सा देकला स्थायिक झाली. नवरा खिएम मंडळीत दिवे सांभाळायचा. तोही तिच्याबरोबर किनाऱ्याला लागला. तिने दारातच चिकट भाताची गाडी टाकली. मुगाचा, नारळाचा, वर कुरकुरीत कांदा, केळीच्या पानात पुडी. साडेआठपर्यंत पातेलं रिकामं व्हायचं आणि त्यानंतरचा दिवस तिचा असायचा.

त्या दिवसाचं करायचं काय, तर कॅसेटी ऐकायच्या. मंडळीच्या ध्वनीवाल्याने प्रयोग चालू असताना भरलेल्या एक्केचाळीस कॅसेटी तिने जपल्या होत्या. बिस्किटांच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंड्या टाकून, म्हणजे दमट हवा लागू नये. कॅसेट वाजवायचं यंत्र चांगलं होतं, पण त्याला जोडलेला स्पीकर मुठीएवढा. सगळ्या नायिका फोनवर बोलल्यासारख्या गायच्या.

असं चाललेलं असताना पलीकडच्या आळीतलं कॉफीचं दुकान बंद पडलं आणि मालकाने खिएमला दोन मोठे स्पीकर देऊन टाकले.

"घेऊन जा बाबा, माझ्या बायकोला यांच्यावर कपडे वाळत घालायचा कंटाळा आलाय," तो म्हणाला.

कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर घरात आले. पण नुसते स्पीकर म्हणजे घोडे नसलेली गाडी. त्यांना चालवायला अ‍ॅम्प्लिफायर हवा. नवा घ्यायचा म्हणजे गाडीवरचा दीड वर्षाचा भात. मग जुना घ्यायचा. जपानात लोकांनी टाकून दिलेले अ‍ॅम्प्लिफायर कंटेनर भरभरून येतात, आणि सायगॉनपासून खेड्यापर्यंत सगळे तेच घेतात.

"ते माझ्यावर सोड," खिएम म्हणाला. "यंत्रातलं तुला काय कळतं? जन्मभर वायरी ओढल्यात मी."

आणि एका रविवारी तो विन्ह लाँगच्या बाजारातून, टेम्पोत माल विकणाऱ्या एका फिरत्या माणसाकडून अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. काय देखणा होता म्हणून सांगू! सोनेरी दर्शनी पत्रा, बारा बटणं आणि मधोमध दोन निळ्या खिडक्या. खिडक्यांत काटे. गाणं लागलं की काटे नाचायचे. खिएम दिव्यांचा माणूस. तो खुर्ची टाकून गाण्याकडे बघत बसायचा.

"वजन बघ," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "उचलून बघ! जड म्हणजे आत तांबं. तांबं म्हणजे आवाज."

थोआला आवाज काही पटेना. "अहो, नायिका घागरीत तोंड घालून गातेय असं वाटतंय."

"तुझ्या कानात भाताची वाफ गेलीय."

तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की कॅसेट संपलीय आणि काटे नाचताहेत.

"अहो, हे काटे कुणाच्या गाण्यावर नाचतायत?"

खिएमने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कोपऱ्यावरच्या साउदादाला बोलावून आणलं. साउ म्हणजे सहावा. घरात सहाव्या नंबरचा म्हणून सगळ्या गल्लीला साउदादाच. तो रेडिओ दुरुस्त करायचा, आणि आता रेडिओ कुणी दुरुस्त करून घेत नाही म्हणून पंखे. त्याने चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आत बघून झाकण पुन्हा ठेवलं.

"खिएम, बस जरा."

"का रे?"

"तांबं आहे थोडं. बाकी सिमेंट आहे."

खरंच होतं. आत एका बाजूला वहीएवढी सिमेंटची लादी बसवलेली, वर काळा रंग दिलेला. काट्यांना लग्नाच्या मांडवातल्या लुकलुकत्या दिव्यांचं सर्किट जोडलेलं. थोआला इतकं हसू आलं, की तिला खांबाला धरून उभं राहावं लागलं. खिएम दोन दिवस जेवताना तिच्याकडे बघत नव्हता. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "लादी छान गुळगुळीत आहे हो. हिच्यावर लसूण ठेचते मी." तेव्हा कुठे तो हसला.

पैसे मात्र गेले ते गेले. थोआने गाडी सकाळी अर्धा तास आधी लावायला सुरुवात केली, नारळाच्या भाताबरोबर काळ्या तांदळाचाही भात ठेवला, आणि सात महिन्यांनी तिच्याकडे तीस लाख दोंग जमले. आकडा मोठा, पण तिथे कॉफीचा एक ग्लाससुद्धा पंधरा-वीस हजार दोंगांना. या वेळी ती स्वतः जाणार होती. जायच्या आधी साउदादाकडे जाऊन बसली.

"दादा, मला शिकव. वायरी नको शिकवूस. फसायचं कसं नाही, तेवढं शिकव."

साउदादाला कुणी काही शिकव म्हटल्याला वर्षं झाली होती. त्याने चहा मागवला.

"पहिलं, स्क्रू बघ. डोक्यावरचा काळा रंग उडालेला असला तर कुणीतरी आत हात घातलाय. कशाला घातला ते विचार. दुसरं, चालू केल्यावर गप्प बसून राहा. चार-पाच सेकंदांनी आतून टक् असं वाजायला पाहिजे. चांगला अ‍ॅम्प्लिफायर आधी स्वतःची तब्येत तपासतो आणि मग स्पीकरला हात लावतो. टक् नाही झालं तर उठायचं."

"आणि बटण फिरवताना खरखरलं तर?"

"ती धूळ. मी दहा मिनिटांत काढून देईन. पण त्याला सांगू नकोस धूळ आहे म्हणून. तोंड वाईट कर आणि किंमत पाड. मग गाणं बंद ठेवून आवाज शून्यावर ने, स्पीकरला कान लाव. भुंगा गुणगुणत असेल तर नको. अर्धा तास चालू ठेव, वरून दोन्ही बाजूंना हात फिरव. एक बाजू गरम, एक गार, असला नको. आणि हे विसरू नकोस, जपानचा माल शंभर व्होल्टवर चालतो, आपल्या भिंतीत दोनशे वीस. वीज उतरवायचा डबा वेगळा घ्यावा लागतो. साडेतीन लाख त्याचे बाजूला काढ. लोक अ‍ॅम्प्लिफायरवर सगळे उडवतात, घरी येऊन भिंतीत खुपसतात आणि माझ्याकडे धूर घेऊन येतात."

"इतकंच?"

"इतकंच. बाकी बटणांचे पैसे द्यायचे नाहीत, दिव्यांचे द्यायचे नाहीत, नावाचे द्यायचे नाहीत. तुझी कॅसेट घेऊन जा. दुकानदाराच्या गाण्यावर ठरवू नकोस. त्याचं गाणं त्याच्या बाजूचं असतं."

सायगॉनच्या त्या गल्लीत जुन्या सामानाची पन्नासेक दुकानं एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखी उभी आहेत. थोआ पुढे, खिएम मागे, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत एकच कॅसेट. तिने मुद्दाम निवडलेली. शहाऐंशी साली काओ लान्हच्या बाजारात झालेला प्रयोग. राणी नदीच्या घाटावर युद्धाला निघालेल्या नवऱ्याला निरोप देते, तो प्रवेश. राणी होती होंग लिएउ.

होंग लिएउ म्हणजे त्या काळी सगळ्या नदीकाठाचा जीव होता. आणि या प्रवेशातला तिचा थांबा तर पुढे फारच गाजला. चौथ्या कडव्यात ती एकाएकी थांबते. वाद्यंही थबकतात. श्वास धरून सगळा तंबू बसलेला. आणि मग ती असा सूर लावते, की टाळ्या थांबतच नाहीत. वर्तमानपत्रांनी त्या थांब्यावर लेख लिहिले. लिएउने मुलाखतीत सांगितलं, "तो विचार करून घेतलेला थांबा होता. मला प्रॉम्प्टरची गरज जन्मात पडली नाही."

थोआने ती मुलाखत गाडीवर भात बांधताना वाचली होती, आणि त्याच कागदात पुढची पुडी बांधून दिली होती.

पहिल्या दुकानात टक् झालंच नाही. दुसऱ्या दुकानात सगळं झालं, दुकानदाराने ढोल असलेलं गाणं लावलं, खिएमची छाती हादरली, तो म्हणाला, "हाच!" थोआने आपली कॅसेट दिली. राणी आली, पण ढोलामागून आली. "उठा," थोआ म्हणाली. चौथ्या दुकानात आवाज सुरेख होता आणि किंमत नव्वद लाख. थोआने तिथे एक कडवं फुकट ऐकून घेतलं आणि दुकानदाराचे आभार मानले.

सहावं दुकान तामचं. अर्ध्या चड्डीतला जाडा माणूस, बर्फाची कॉफी हातात, छतापर्यंत रचलेल्या अ‍ॅम्प्लिफायरांच्या मधोमध बसलेला.

"काय पाहिजे ताई? किती वॅट?"

"वॅट माहीत नाहीत. बाईचा आवाज बाईसारखा यायला पाहिजे. सव्वीस लाखांत."

"सव्वीस लाखांत बाप्याचा आवाज येतो," ताम म्हणाला.

खिएम हसला. थोआने त्याच्याकडे बघितल्यावर हसायचा थांबला.

तामने तीन काढून दिले. दोन चकचकीत. तिसरा खालून काढला, कारण दुसऱ्याला टेकू म्हणून तोच होता. राखाडी, कोपरा चेपलेला, दर्शनी पत्र्यावर तीनच बटणं आणि त्यांतलं एक गायब, नुसता दांडा. दिवा एकच, तांबूस, पेंगत असल्यासारखा. नाव पुसून गेलेलं. पण स्क्रूंचा काळा रंग जिथल्या तिथे होता, आणि चालू केल्यावर पाचव्या सेकंदाला आतून शांतपणे टक् झालं.

थोआने डोळे मिटले. चौथं कडवं आलं. राणी थांबली. वाद्यं थांबली. आणि त्या शांततेत, डावीकडच्या स्पीकरच्याही थोडं मागून, कुणीतरी कुजबुजलं.

थोआने डोळे उघडले. एकोणतीस वर्षांपूर्वीचा तिचा स्वतःचा आवाज होता तो. सव्वीस वर्षांच्या पोरीचा, घाबरलेला. रंगमंचावर टांगलेल्या मायक्रोफोनने तो पकडला होता आणि घरच्या मुठीएवढ्या स्पीकरने आजवर गिळला होता.

"परत लावा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"कोणीतरी बोलतंय."

तामने ऐकलं. "कुठे काय बोलतंय? चित्रपटासारखं करू नका ताई."

"परत लावा, आणि कॉफीतला बर्फ वाजवू नका."

तिसऱ्या खेपेला तामने ग्लास खाली ठेवला. चौथ्या खेपेला त्याने शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. पाचव्या खेपेला सात माणसं माना तिरप्या करून उभी होती आणि भांडत होती.

"बाई आहे."

"छे, सापाचा फुत्कार आहे, टेपचा."

"अरे, शब्द आहेत! 'पाणी'... काहीतरी 'पाणी' म्हणतेय."

तामला ते लागलं. त्याने एक कोटी वीस लाखांचा, दुकानातला सगळ्यात महाग अ‍ॅम्प्लिफायर काढला, स्वतः वायरी जोडल्या. राणी भव्य झाली. तंबू भव्य झाला. कुजबूज नाही.

"हा काय बहिरा आहे का?" शेजारचा म्हणाला.

"कोण आहे ही बाई कुजबुजणारी?" तामने विचारलं.

थोआने कॅसेट काढून पिशवीत टाकली. "असेल कोणीतरी आतलं," ती म्हणाली. "याचं काय घेणार?"

"अडतीस."

"याला बटण नाही."

"पस्तीस."

"खरखरतो." तिने तोंड शक्य तितकं वाईट केलं. "कोपरा चेपलाय. आणि तुम्ही याला टेकू म्हणून ठेवला होतात, ताम. टेकूचे पस्तीस लाख?"

शेजारचे सगळे हसले. ताम बघतच राहिला आणि मग तोही हसला. सव्वीसला सौदा ठरला आणि वीज उतरवायचा डबा त्याने तीन लाखांत दिला, एका अटीवर: ही कॅसेट त्याला उतरवून घेऊ द्यायची.

बसमध्ये अ‍ॅम्प्लिफायर मांडीवर घेऊन बसलेल्या खिएमने हळूच विचारलं, "ती तूच ना गं?"

"बाहेर बोलायचं नाही."

"तीस वर्षं तू मला पण सांगितलं नाहीस?"

"विंगेतलं विंगेत," थोआ म्हणाली.

घरी अ‍ॅम्प्लिफायर लागला, गल्लीने ऐकला, आणि भाताच्या गाडीसमोर दुसरंच गिऱ्हाईक उभं राहायला लागलं. शाळेतले मास्तर, होडी चालवणारा एक विधुर, लॉटरीची तिकिटं विकणारी बाई. सगळ्यांकडे थोडे पैसे आणि सगळ्यांना फसायची भीती. थोआ महिन्यातून एकदा सायगॉनला जायची, तिकिटाचे पैसे घ्यायची, त्याहून जास्त नाही. साउदादा घरी धूळ काढून द्यायचा आणि पंख्यांना कंटाळलेला तो माणूस पुन्हा वयात आल्यासारखा झाला. ज्याचं बजेट पंधरा लाख त्याला ती स्पष्ट सांगायची, "दिवा विसरा, रिमोट विसरा, एकच गाणं ठरवा आणि त्याच्यासाठी घ्या." एकदा त्या होडीवाल्याला तिने अ‍ॅम्प्लिफायर न घेताच परत आणलं. त्याला बायकोची भरलेली टेप ऐकायची होती. टेपवर ती फक्त भाव ठरवत होती, माशांचा. "याला चांगला हेडफोन पुरे," थोआ म्हणाली. "भाव दोघांतच राहू द्या."

अशी दोनेक वर्षं गेली असतील. एका सकाळी, पातेलं संपत आलेलं असताना, गाडीसमोर रिक्षा थांबली आणि एक उंच, ताठ म्हातारी उतरली. जांभळा रेशमी सदरा, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात जपानी पंखा.

"जुने अ‍ॅम्प्लिफायर निवडून देणारी भातवाली म्हणतात ती इथेच का?"

थोआच्या हातातला चमचा पातेल्यातच राहिला. "लिएउताई?"

म्हातारीने चष्मा काढला. "अगं बाई. थोआ! पिंपावरची थोआ!"

होंग लिएउ आता विन्ह लाँगला दोन खोल्यांत राहत होती आणि मुलींना गाणं शिकवत होती. जुना अ‍ॅम्प्लिफायर जळाला होता, वीज उतरवायचा डबा तेवढा शाबूत होता. जवळ पंचवीस लाख होते, आणि पंचवीस लाख आहेत हे तिने असं सांगितलं, की जणू पंचवीस कोटी आहेत. थोआने तिला बसवलं, काळ्या तांदळाचा भात दिला.

"ताई, तुम्ही नुसतं सांगा. मी जाऊन आणते. तुम्ही कशाला उन्हात?"

"माझा आवाज मी स्वतः ऐकून घेणार," लिएउ म्हणाली. "चल."

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा थोआने ती कॅसेट मुद्दाम घरी ठेवली. दुसरी घेतली, एका विनोदी नाटकाची. खिएमने ते पाहिलं. त्याने भाताची पातेली आपणच घासायला घेतली.

तामच्या दुकानात पंचवीस लाखांच्या आसपासचे चार अ‍ॅम्प्लिफायर मांडले गेले. थोआने स्क्रू बघितले, टक् ऐकलं, पाठीवरून हात फिरवले. एक बाद झाला, भुंगा होता. उरलेले तीन तिला सारखेच वाटायला लागले. विनोदी नाटकात सगळे ओरडतच होते. ती कधी नव्हे ती गोंधळली.

"काय ताई, आज कान घरी ठेवून आलात का?" ताम म्हणाला. "थांबा, आपली कॅसेट लावतो. ती लावल्यावर दोन मिनिटांत निकाल!"

"कुठली कॅसेट?" लिएउ म्हणाली.

"ताम, नको—" थोआ म्हणेपर्यंत त्याने बटण दाबलं होतं.

राणी घाटावर आली. लिएउने पंखा मिटला. स्वतःचा तरुण आवाज ऐकताना तिची मान इतकी ताठ झाली, की शेजारच्या दुकानातल्या माणसांनी सिगारेटी मागे घेतल्या. समोर कोण बसलंय हे तामने ओळखलं नव्हतं. तो आपला उत्साहाने सांगत होता, "आता चौथ्या कडव्यात बघा आजी, बाई थांबते. सगळ्यांना वाटतं काय कलाकारी! पण अ‍ॅम्प्लिफायर चांगला असला ना, तर मागून एक पोरगी वाक्य सांगताना ऐकू येते. बाई विसरलेली असते हो! शंभर जणांना ऐकवलंय मी."

थोआने जमिनीकडे बघितलं.

राणी थांबली. आणि त्या मधल्या, हिरवट, पाठीवर ओरखडा असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून कुजबूज आली. स्पष्ट.

गाणं पुढे गेलं, टाळ्या पडल्या, कडवं संपलं.

"परत लाव," लिएउ म्हणाली.

तामने लावलं.

"परत."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने थोआकडे तोंड वळवलं. "तू दोनदा सांगितलंस."

"हो ताई."

"पहिल्यांदा मला ऐकूच आलं नव्हतं. तोंडात चिलट गेलं होतं. मला वाटलं संपलं सगळं, आता पडदा पडणार." तिचे खांदे हलायला लागले. थोआला वाटलं रडतेय. ती हसत होती. आवाज न करता, मग आवाज करून, मग इतकी, की तामने धावत जाऊन स्टूल आणलं. "अगं, एकतीस वर्षं! एकतीस वर्षं मी पोरींना शिकवतेय, इथे पोट आत घ्या, इथे मनात चार मोजा, नदीकडे बघा! आणि होतं काय, तर चिलट!"

तेव्हा कुठे तामच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने कॉफीचा ग्लास उगाचच पुसायला घेतला.

"मुलाखतीत मी खोटं बोलले," लिएउ म्हणाली. हसू ओसरलं होतं. "तुझं नाव घ्यायला हवं होतं. आता पोरींना काय सांगू?"

थोआ इतकी वर्षं जे बोलली नव्हती ते तिला त्या गर्दीत, दुकानाच्या पायरीवर बसून बोलावं लागलं. "ताई, तुम्ही नीट ऐकलं नाहीत. मी काय सांगितलं ते ऐका. मी सांगितलं, 'पाणी ओसरेल तेव्हा तुझी वाट पाहीन.' वहीत तेच होतं. तुम्ही काय गायलात?"

लिएउ आठवायला लागली. थोआनेच सांगितलं.

"तुम्ही गायलात, 'पाणी ओसरू दे, मी इथेच आहे.' ते माझं नव्हतं, लेखकाचंही नव्हतं. त्या क्षणी तुम्हीच केलंत. मी पिंपावर बसून रडले होते. दुसऱ्या दिवशी वहीतली ओळ खोडली आणि तुमची लिहिली. मग सगळ्यांनी तीच म्हटली. विसरलात ते खरं, पण गायलात तेही खरंच ना?"

लिएउने पंखा उघडला, मिटला. मग तिने त्या हिरवट अ‍ॅम्प्लिफायरवर टिचकी मारली. "याचं काय?"

"सत्तावीस," ताम म्हणाला आणि घाईने पुढे म्हणाला, "तुमच्यासाठी बावीस."

"बावीस का? मी गरीब दिसतेय का?"

"नाही आजी. शंभर जणांना ऐकवलं ना मी, त्याचे पाच वजा."

लिएउने तीनशेव्या प्रयोगाचं मानधन द्यावं तशा नोटा मोजून दिल्या आणि उरलेल्या तीन लाखांत तिने सगळ्यांना बर्फाची कॉफी पाजली, तामच्या शेजाऱ्यांसकट.

विन्ह लाँगला पोचल्यावर तिने पहिल्याच वर्गात मुलींना ती जागा ऐकवली आणि चिलटाची गोष्ट सांगितली. मुलींचा विश्वास बसला नाही. त्यांना वाटलं, बाई नम्रपणा करतायत. एका धीट मुलीने विचारलं, "पण मग आम्ही विसरलो तर आम्हाला कोण सांगणार?"

म्हणून आता दर गुरुवारी, भाताचं पातेलं रिकामं झालं की थोआ दहाच्या बसने विन्ह लाँगला जाते. लिएउच्या खोलीत दाराआड एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असते. थोआ वही उघडते, चष्मा लावते. मुली गातात, अडखळतात, ती वाक्य सोडते. लिएउ मधूनच ओरडते, "थोआ, इतक्या लवकर नको सांगूस! थोडी घाबरू दे पोरीला!"

आणि गुरुवारी गाडीवर खिएम एकटा असतो. कांदा करपवतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात तर म्हणतो, "बायको नाटकात कामाला आहे माझी. खायचा तर खा."